रूबार्बचे देठ बारीक का येतात? लागवड, काढणी आणि गड्ड्याची निगा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या लीड्सजवळच्या घराच्या परसात आपण दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये रूबार्बचे, म्हणजे आंबट देठांसाठी लावतात त्या झाडाचे, कुंडीतले रोप आणून लावले. पहिल्याच उन्हाळ्यात त्याचे देठ काढून क्रंबल (वर पिठाचा चुरा घालून भाजलेला गोड पदार्थ) केले, जॅम केला आणि ऑगस्ट संपेपर्यंत काढणी चालू ठेवली. यंदा मात्र देठ पेन्सिलीएवढे बारीक आले आणि मे महिन्यात मधूनच फुलोऱ्याचा जाड दांडा वर आला. त्याशिवाय आपण विचारले आहे की देठ कात्रीने कापावेत की ओढून काढावेत, एवढी मोठी पाने अळूसारखी रांधता येतील का, आणि याच झाडाचा एक तुकडा पुण्याला आईंच्या बागेत लावता येईल का. मी वेस्ट यॉर्कशरमध्ये २२ वर्षे अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या बागेच्या तुकड्यावर, भाजीपाला पिकवतो आहे आणि आपण केलेली जवळजवळ प्रत्येक चूक सुरुवातीच्या काळात मीही केली आहे. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

आपले झाड आजारी नाही, ते उपाशी आहे. रूबार्ब ही बहुवर्षायू वनस्पती आहे आणि तिचा सगळा संसार जमिनीखालच्या गड्ड्यात असतो. मार्च-एप्रिलमध्ये जे देठ सरसर वर येतात, ते त्या वसंतातल्या उन्हावर वाढलेले नसतात. आदल्या उन्हाळ्यात पानांनी तयार करून गड्ड्यात साठवलेल्या पिष्टावर ते वाढतात. म्हणजे यंदाचा देठ ही गेल्या वर्षीच्या पानाची कमाई असते. आपण पहिल्या वर्षी पानेच ठेवली नाहीत, तेव्हा गड्ड्यात जमा काही झालेच नाही आणि खर्च मात्र ऑगस्टपर्यंत होत राहिला. म्हणून पुढचे सारे एका नियमाभोवती फिरते: लावल्यानंतरच्या पहिल्या वर्षी एकही देठ काढायचा नाही, दुसऱ्या वर्षी एप्रिल-मे या दोन महिन्यांत मोजकेच काढायचे आणि तिसऱ्या वर्षापासून पूर्ण काढणी करायची. पूर्ण काढणी म्हणजेही एका वेळी झाडावरच्या निम्म्याहून अधिक देठ कधीच नाहीत, आणि जून संपला की हात आवरायचा. जुलै ते ऑक्टोबर हा काळ झाडाचा स्वतःचा आहे.

याचा अर्थ यंदा आणि पुढच्या वर्षी आपण या झाडाकडून काही मागू नये. हे ऐकायला बरे वाटणार नाही, पण नीट लावलेला गड्डा दहा वर्षे आणि त्याहून अधिकही देठ देतो. त्या हिशेबात दोन वर्षांचा उपवास फार नाही.

आता ते लावले कसे आहे हेही तपासून पाहा. कुंडीतले रोप आणले की बहुतेक जण कुंडीएवढाच खड्डा करून ते त्यात बसवतात. रूबार्बची मुळे जाड असतात आणि खोल जातात. कुंडीत ती गोल गोल फिरून गुंडाळली गेलेली असतील आणि तशीच जमिनीत ठेवली गेली असतील, तर त्यांना बाहेर पडायला फार वेळ लागतो. लावण्यापूर्वी दोन फावडी खोल माती मोकळी करून तिच्यात भरपूर कुजलेले खत मिसळावे. इकडे शेणखतापेक्षा घोड्याच्या लिदीचे खत सहज मिळते आणि ते उत्तम चालते, मात्र ते पूर्ण कुजलेले असावे. एका झाडाला सर्व बाजूंनी मिळून ७५ ते ९० सेंटिमीटर जागा लागते. नव्या लागवडीत ही जागा उगाच वाया गेल्यासारखी वाटते. पण तिसऱ्या वर्षी एकेक पान छत्रीएवढे झाले की जागा कमी पडते. कुंपणाच्या झुडपाला किंवा मोठ्या झाडाला लागून रूबार्ब लावू नये, कारण तिथली मुळे पाणी आधी पितात. थोडी सावली तिला चालते, तहान चालत नाही.

लागवडीतला सर्वांत नाजूक मुद्दा खोलीचा आहे. गड्ड्याच्या माथ्यावर फुगीर, तांबूस कळ्या असतात. आपण आल्याच्या किंवा उसाच्या बाबतीत म्हणतो तसे त्यांना मी डोळे म्हणतो. हे डोळे मातीच्या पातळीला किंवा तिच्या किंचित वर राहिले पाहिजेत. पश्चिम यॉर्कशरची माती बऱ्याच ठिकाणी चिकण आहे, हिवाळ्यात तिच्यात पाणी साचून राहते आणि पुरलेला गड्डा मधोमध कुजतो. माझे पहिले दोन गड्डे असेच गेले. बटाट्याच्या बेण्यासारखे मी ते चांगले वीतभर खोल पुरले, वर प्रेमाने खताचा ढीग घातला आणि मार्चमध्ये उकरून पाहिले, तर हाताला तपकिरी लगदा लागला. तेव्हापासून जिथे निचरा कमी आहे तिथे मी मातीचा उंचवटा करून त्यावर गड्डा बसवतो. खताचे किंवा कंपोस्टचे आच्छादन सात-आठ सेंटिमीटर जाडीचे, पण गड्ड्याभोवती कड्यासारखे घालतो. डोळ्यांवर एक मूठही पडू देत नाही.

लावण्याचा योग्य काळ झाड निद्रेत असताना, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. कुंडीतले रोप एरवीही लावता येते, पण ते ऐन उन्हाळ्यात लावले तर पाण्याची राखण करावी लागते. बियांपासूनही रूबार्ब येते, मात्र बियांची रोपे एकसारखी निपजत नाहीत. चांगल्या झाडाचा तुकडा मिळत असेल तर बियांच्या वाटेला जाऊ नये. अलॉटमेंटवर शेजारी बहुधा आनंदाने तुकडा देतात, कारण त्यांच्याकडे रूबार्ब नेहमी गरजेपेक्षा जास्तच असते. वाणांबद्दल थोडक्यात सांगतो. ‘टिम्पर्ली अर्ली’ लवकर येते आणि तिला थंडीही तुलनेने कमी लागते. नवशिक्या माणसाला मी तीच सुचवतो. ‘व्हिक्टोरिया’ हा एकोणिसाव्या शतकातला जुना वाण आहे, उशिरा येतो, भरघोस येतो, पण फुलोरा धरण्याची खोड त्याला फार आहे. ‘स्टॉकब्रिज ॲरो’ देठाच्या रंगासाठी लावावी.

रंगाचा उल्लेख आला म्हणून सांगतो, देठ लाल होण्याची वाट पाहत बसू नये. लाली हा पिकल्याचा पुरावा नाही, तो वाणाचा गुण आहे. ‘व्हिक्टोरिया’चे देठ बुडाशी लाल आणि वर हिरवेच राहतात आणि तरी खायला चांगले असतात. देठ २५ ते ३० सेंटिमीटर लांब झाला आणि पान पूर्ण उलगडले, म्हणजे तो काढण्याजोगा झाला. फार दिवस ठेवला तर तो निबर होतो, त्याच्या शिरा दोऱ्यासारख्या निघतात आणि चव नुसती आंबट उरते.

काढण्याची पद्धत अशी आहे. कात्री आणि सुरी घरातच ठेवावी. बाहेरच्या बाजूचा एक देठ निवडावा. आतले कोवळे देठ पुढच्या खेपेसाठी असतात. देठाच्या आतल्या बाजूला उथळ पन्हळ असते, तिच्यातून अंगठा थेट बुडापर्यंत खाली सरकवावा, बाकीची बोटे बाहेरून धरावीत आणि देठ किंचित पिळत आपल्याकडे व वर ओढावा. नीट जमले की ‘पक्’ असा ओला आवाज होतो आणि देठ बुडासकट सुटून येतो. ते बूड रुंद, फिकट गुलाबी असते आणि त्याला कागदासारखा पातळ, बुळबुळीत पापुद्रा चिकटलेला असतो. हा आवाज आला नाही आणि देठ मधेच मोडला, तर खालचे खुंट बोटांनी काढून टाकावे. कापण्यावर माझा आक्षेप याच कारणासाठी आहे: कापल्यावर मागे राहिलेले खुंट ओल धरते, कुजते आणि कूज तिथून गड्ड्यात उतरते. ओढताना दुसरा हात गड्ड्यावर ठेवावा, नाहीतर नव्या, मुळे न धरलेल्या झाडाचा एखादा डोळा देठाबरोबर उपटून येतो. काढलेल्या देठाचे पान तिथेच कापून टाकावे, कारण पान राहिले तर देठ तासाभरातच मलूल पडतो.

फुलोऱ्याबद्दल घाबरण्याचे कारण नाही. वाणाचा स्वभाव, गड्ड्याचे वय, कोरडा वसंत किंवा झाडावर आलेला ताण यांपैकी काहीही त्यामागे असते. आपल्या बाबतीत उपासमार आणि कोरडी माती ही कारणे मला अधिक संभवनीय वाटतात. दांडा दिसताक्षणी शक्य तितक्या बुडातून काढावा. तो आतून पोकळ असतो, त्यामुळे वरून अर्धा कापला तर उरलेल्या नळीत पावसाचे पाणी साचते आणि पुन्हा कुजण्याचा मार्ग मोकळा होतो. फुले दिसायला देखणी असतात हे मान्य आहे. पण बी धरण्यात झाडाची जी शक्ती जाते, ती गड्ड्यातूनच जाते. फुलोरा आलेल्या झाडाचे देठ खायला चालतात, त्यांत काही दोष येत नाही.

आता पानांचा प्रश्न, आणि येथे माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. रूबार्बचे पान कोणत्याही प्रकारे शिजवून खाऊ नये. आपल्या मनात अळूचे उदाहरण आले हे स्वाभाविक आहे, पण दोन्हींतला फरक ध्यानात घ्यावा. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला खाजवतात, म्हणून आपण चिंच घालून पाने नीट शिजवतो. रूबार्बच्या पानात ऑक्झॅलिक आम्ल विरघळलेल्या रूपात भरपूर असते. ते घशाला खाजवून सावध करीत नाही, ते रक्तात जाऊन तिथल्या कॅल्शियमला पकडते आणि मूत्रपिंडांना इजा करते. चिंच घातल्याने ते जात नाही, आणि उकळून पाणी फेकले तरी पान खाण्याजोगे होत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाजीपाल्याची टंचाई असताना ब्रिटनमध्ये ही पाने भाजी म्हणून खाण्याची शिफारस करण्यात आली होती. त्यातून विषबाधा झाली, मृत्यूही झाला आणि ती शिफारस मागे घ्यावी लागली. पाने कंपोस्टमध्ये टाकायला मात्र हरकत नाही, तिथे ते आम्ल विघटित होऊन जाते. देठांतही ऑक्झॅलिक आम्ल असते, पण पानांहून पुष्कळ कमी. त्यांचा आंबटपणा मुख्यतः मॅलिक आम्लाचा. तरीही ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, त्यांनी देठही जपूनच खावेत. कडाक्याच्या थंडीने गोठून लिबलिबीत झालेले देठ कोणीच खाऊ नयेत. शिजवताना ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेले पितळी भांडे वापरू नये, स्टीलचे उत्तम.

खरे म्हणजे आपल्याकडच्या चवीला रूबार्बचे नाते अळूपेक्षा चुक्याशी अधिक जवळचे आहे, आणि वनस्पतिशास्त्रही तेच सांगते: चुका आणि रूबार्ब एकाच कुळातले आहेत. अंबाडी आंबट असली तरी तिचे कूळ वेगळे, ती जास्वंदीच्या घरातली. माझ्या घरी देठांचे बोटभर तुकडे करून, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून, लसणाची फोडणी देऊन, चुक्याची करतात तशीच भाजी होते; फक्त गूळ थोडा सढळ हाताने घालावा लागतो. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी रेवंदचिनी हेही याच वंशातल्या वनस्पतींचे मूळ आहे आणि ते रेचक आहे. त्यावरून परसातल्या रूबार्बची मुळे उगाळून घेण्याचा प्रयोग कोणी करू नये.

आपण राहता तो मुलूख रूबार्बचा आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल यांच्यामधल्या पट्ट्याला ‘रूबार्ब ट्रँगल’ म्हणतात. येथे गड्डे दोन वर्षे शेतात वाढवतात, त्या काळात त्यांचा एकही देठ काढत नाहीत, हिवाळ्यात थंडी पुरेशी खाऊ देतात आणि मग ते उचलून उबदार, काळोख्या, ठेंगण्या शेडमध्ये दाटीने मांडतात. प्रकाश नसल्याने पान वाढत नाही, पिवळसर आणि चिमुकले राहते. गड्ड्यातल्या पिष्टाची साखर होऊन देठ लांब, नाजूक आणि गडद गुलाबी निघतात. काढणी मेणबत्तीच्या उजेडात होते आणि शांतपणे उभे राहिले तर कळ्या फुटण्याचा आवाज खरोखर ऐकू येतो. एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांतला टाकाऊ कचरा येथे खत म्हणून वापरत, कारण तो हळूहळू नत्र सोडतो. अशा अंधारात वाढवलेल्या ‘यॉर्कशर फोर्स्ड रूबार्ब’ला २०१० मध्ये युरोपीय संघाने संरक्षित नावाचा दर्जा दिला. या शेतकऱ्यांची दोन वर्षे न काढण्याची शिस्त पाहिली की माझा पहिला नियम कुठून आला हे आपल्या लक्षात येईल.

घरी हाच प्रकार लहान प्रमाणात करता येतो. जानेवारीत झाडावरची वाळलेली पाने काढून त्यावर उंच मातीचे भांडे किंवा उपडी कचऱ्याची बादली घालावी, प्रकाशाची फट राहू देऊ नये आणि वारा असेल तर वर वीट ठेवावी. साधारण आठ आठवड्यांत कोवळे देठ मिळतात. मात्र हे फक्त तीन वर्षांहून जुन्या, धष्टपुष्ट झाडावरच करावे आणि त्यानंतर त्या झाडाला दोन वर्षे मोकळे सोडावे, कारण अंधारात त्याने नुसता खर्चच केलेला असतो. आपल्या झाडावर हा प्रयोग आत्ता केला, तर ते बहुधा उठणार नाही.

वर्षभराची बाकी निगा फारशी नाही. कोरड्या आठवड्यात भरपूर पाणी द्यावे, रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा मुळांपर्यंत पोहोचेल असे. भर दुपारी पाने मान टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात, त्याची चिंता नको. सकाळीही पडलेली दिसली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. शरद ऋतूत पाने आपोआप पिवळी पडून झोपतात. ती हिरवी असताना छाटू नयेत. पूर्ण वाळली की उचलून टाकावीत, म्हणजे गोगलगाईंना हिवाळ्याचे बिऱ्हाड मिळत नाही आणि डोळ्यांना थंडीही लागते. ही थंडी झाडाला हवीच असते. तिच्याशिवाय त्याची निद्रा नीट मोडत नाही.

पाच-सहा वर्षांनी देठ पुन्हा बारीक येऊ लागले, तर त्या वेळी कारण वेगळे असते: गड्ड्यात गर्दी झालेली असते. नोव्हेंबरनंतर, जमीन गोठलेली नसताना, तो सगळा गड्डा उपटावा. जुना गड्डा एकट्या माणसाला उचलत नाही आणि वेडावाकडा असतो. त्याला धुऊन पाहावे. धारदार फावड्याने वरून एक घाव घातला की आतला गर दिसतो. तो ओल्या हळकुंडासारखा पिवळा-नारिंगी आणि टणक असेल तर निरोगी आहे. तपकिरी, मऊ आणि घाण वासाचा असेल तर तेवढा भाग कंपोस्टमध्ये नव्हे, कचऱ्यात टाकावा. मधला भाग बहुधा थकलेला असतो, कडेचे तुकडे तरणे असतात. प्रत्येक तुकड्याला किमान एक ठसठशीत डोळा आणि भरपूर मूळ ठेवावे, आणि त्याच जागी पुन्हा न लावता नव्या वाफ्यात लावावे. मग पुन्हा पहिले वर्ष: काढणी नाही.

आपल्या झाडाचे विभाजन मात्र यंदा करू नये. या नोव्हेंबरमध्ये एकदाच हलक्या हाताने उकरून पाहा. डोळे मातीखाली गेले असतील किंवा मुळे अजून कुंडीच्या आकारातच असतील, तर उचलून, मुळे मोकळी करून, वर सांगितल्याप्रमाणे खत घातलेल्या मातीत पुन्हा लावा. नसतील तर भोवती आच्छादन घालून तसेच राहू द्या.

आणि पुण्याचे? तिथे हा गड्डा टिकणार नाही. त्याला हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे कडाक्याची थंडी हवी आणि उन्हाळा सौम्य हवा. पुण्याचा एप्रिल त्याला शिजवून काढील. महाबळेश्वर पुरेसे थंड वाटते, पण तिथली थंडी रूबार्बच्या हिशेबात अल्पजीवी आहे आणि पावसाळ्यात गड्डा हमखास कुजेल. शिवाय जिवंत झाडाचा तुकडा सामानातून भारतात नेता येत नाही. त्याला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. उष्ण प्रदेशांत काही जण बियांपासून एका हिवाळ्यापुरते पीक घेतात, पण त्या खटाटोपाच्या मानाने हाती येणारे देठ थोडे. आईंना या चवीची भाजी परसात हवी असेल, तर दिवाळीच्या सुमारास वाफ्यात चुक्याचे बी टाकायला सांगा. महिना-सव्वा महिन्यात पहिली जुडी निघेल, आणि तिची पानेही खाता येतील.